चोथा, आतड्यातले जिवाणू आणि यकृत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचले की बहुतेक जण त्याच दिवशी तळलेले खाणे सोडतात. ते चांगलेच आहे. पण भाज्या, कडधान्ये, सालीसकट धान्ये वाढवा असे सांगितले की चेहऱ्यावर प्रश्न उमटतो: चोथा, म्हणजे फायबर, तर पोट साफ होण्यासाठी, त्याचा लिव्हरशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. पुढचे प्रश्न त्या एका शंकेतूनच फुटलेले आहेत.

चोथा पचतच नाही. मग तो यकृतापर्यंत पोहोचतो कसा?

चोथा स्वतः पोहोचत नाही. त्याच्यापासून जे तयार होते, ते पोहोचते.

वनस्पतींच्या पेशीभिंतींतले आणि बियांतले काही पिष्टमय पदार्थ तोडण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नाहीत. त्यामुळे हे पदार्थ लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे त्यांची वाट पाहत असतात जिवाणू. आपल्या शरीरातल्या जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी धरली जाते, आणि त्यातले बहुसंख्य मोठ्या आतड्यातच राहतात. आपल्याकडे नसलेली विकरे त्यांच्याकडे आहेत. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून प्रामुख्याने तीन लहान आम्ले तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. त्यांचे प्रमाण ढोबळमानाने ६०:२०:२० असे असते.

यातले ब्युटिरेट मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी तिथल्या तिथे वापरून टाकतात; त्यांच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच येतो. उरलेली आम्ले रक्तात शिरतात, आणि हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आतड्यातून निघालेले रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एका वाटेने येते. म्हणजे आतड्यात जे काही तयार होते, चांगले असो वा वाईट, त्याला पहिले तोंड यकृतच देते. प्रोपिओनेट तर बहुतांशी यकृतातच टिपले जाते.

म्हणजे ‘चोथा म्हणजे आतड्याचा झाडू’ हे चुकीचे आहे का?

अपुरे आहे. ‘आहारातले तंतू’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग इबेन हिप्सली यांनी १९५३ मध्ये वापरला. पुढे १९७०च्या दशकात डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने, आफ्रिकेतल्या अनुभवाच्या आधारे, कमी चोथ्याचा आहार आणि श्रीमंत देशांतले आजार यांचा संबंध जोरकसपणे मांडला. त्या मांडणीत भर होता तो मळाचे प्रमाण आणि तो बाहेर पडायला लागणारा वेळ यांवर. झाडूची उपमा लोकांच्या डोक्यात बसली ती अशी. ती मोडायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण झाडू म्हटले की बद्धकोष्ठ नसलेला माणूस ‘मला गरज नाही’ म्हणून मोकळा होतो. चोथा हे अन्न आहे. फक्त ते आपण आपल्या जिवाणूंसाठी खातो.

जिवाणूंना चोथा मिळाला नाही तर काय होते?

ते उपाशी मरत नाहीत, दुसरे काहीतरी खायला लागतात. आणि जवळात जवळचे खाणे म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूचा श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा थर. हा थर जिवाणूंना भिंतीपासून हातभर लांब ठेवण्यासाठीच असतो. त्याच्या मागे पेशींची भिंत आहे ती केवळ एका पेशीच्या जाडीची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, माणसाच्या आतड्यातले १४ प्रकारचे जिवाणू मुद्दाम सोडलेल्या उंदरांना चोथा नसलेला आहार दिला. जिवाणूंनी हा थर कुरतडला, तो पातळ झाला आणि रोगकारक जिवाणूला भिंतीपर्यंत पोहोचणे सोपे गेले.

थर पातळ झाला आणि पेशींमधले सांधे सैल पडले की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. त्यातला सर्वांत त्रासदायक तुकडा म्हणजे एंडोटॉक्सिन, काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला चरबी-साखरेचा रेणू. पोर्टल व्हेनमधून तो यकृतात आला की त्याची गाठ पडते ती कुप्फर पेशींशी. कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये वर्णन केलेल्या या पेशी म्हणजे यकृतातले पहारेकरी. एंडोटॉक्सिन ओळखणारा टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) त्यांच्या पृष्ठभागावर असतो. थोडेसे एंडोटॉक्सिन त्या रोजच निस्तरतात. पण ते सतत, जास्त येत राहिले तर त्या दाहाचे संदेश सोडत राहतात. त्या संदेशांनी यकृतातल्या स्टेलेट पेशी जाग्या होतात आणि व्रण भरताना बनतात तसे धागे विणू लागतात. चरबी साठलेल्या यकृताचा प्रवास दाहाकडे, तिथून फायब्रोसिसकडे, म्हणजे या धाग्यांचे व्रण साठण्याकडे, आणि काही जणांत सिरोसिसकडे, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होण्याकडे होतो, त्यातला एक मोठा धक्का इथून मिळतो.

जाता जाता एक सांगायलाच हवे. ‘तुमचे आतडे गळते आहे’ असे निदान करून महागड्या तपासण्या आणि पावडरी विकणारे पुष्कळ आहेत. वर सांगितलेली प्रक्रिया खरी आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकशास्त्र मानत नाही आणि अशा तपासण्यांवरून उपचार ठरत नाहीत. तिथे पैसे घालवू नका.

मी चरबी खातच नाही. तरी यकृतात चरबी कशी साठली?

हा प्रश्न लोक हताश होऊन विचारतात, आणि त्यांची हताशा मला समजते. २००५ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा उगम खुणा लावलेल्या रेणूंच्या मदतीने शोधला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या मेदसाठ्यातून सुटून आली होती. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः साखर आणि पिष्टापासून, बनवली होती. खाण्यातल्या चरबीतून थेट आलेला भाग होता फक्त १५ टक्के. अभ्यास लहान होता, पण चित्र स्पष्ट आहे: तेल बंद करून गोड पेये चालू ठेवली तर यकृताचा फारसा फायदा नाही.

फ्रुक्टोजच्या, म्हणजे फळांत आणि गोड पेयांत असणाऱ्या साखरेच्या, बाबतीत जिवाणूंचा हातही दिसला आहे. २०२०च्या एका अभ्यासात उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी फ्रुक्टोजचे ॲसिटेट बनवले आणि यकृताने त्या ॲसिटेटची चरबी बनवली. इथे कुणीही विचारेल: ॲसिटेट तर चोथ्यापासूनही बनते, मग चोथाही वाईट का? फरक वेगाचा आणि सोबतीचा आहे. गोड पेयातली साखर धो धो येते, आणि चरबी बनवण्याची यकृताची यंत्रणाही तीच चालू करून देते. चोथा तासन्‌तास हळूहळू आंबतो, सोबत ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट देतो, आणि जेवणातली साखर रक्तात शिरण्याचा वेगही कमी करतो. म्हणूनच सबंध फळ आणि त्याच फळाचा गाळलेला रस हे यकृताच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत.

पित्ताचा यात काय भाग?

आधी शब्दाचा घोळ दूर करू. बोलताना आपण ‘पित्त झाले’ म्हणतो ते जठरातल्या आम्लाबद्दल. इथे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा पित्तरस.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरून चरबी पचवायला मदत करतात आणि त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातून शोषली जाऊन पोर्टल व्हेनमधून पुन्हा यकृतात येतात. हे चक्र दिवसातून अनेकदा फिरते. जी थोडी मोठ्या आतड्यात निसटतात त्यांची रचना जिवाणू बदलतात. बदललेली पित्ताम्ले नुसता कचरा नसतात. आतड्यात आणि यकृतात एफएक्सआर नावाचा ग्राहक असतो, आणि कोणते पित्ताम्ल त्याला बिलगते यावर यकृताने किती चरबी बनवायची, किती साखर सोडायची, नवे पित्त किती करायचे हे बऱ्याच अंशी ठरते. जिवाणूंची वस्ती बदलली की हे संदेशही बदलतात.

ओट्स आणि बार्लीतला बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू पित्ताम्लांना अडकवून मळावाटे बाहेर नेतो. यकृताला ती भरून काढावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने एलडीएल कोलेस्टेरॉल थोडे उतरते ते या कारणाने. फॅटी लिव्हर असलेल्यांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो, तेव्हा हा फायदा किरकोळ समजू नका.

मी दारूला स्पर्शही करत नाही. माझे यकृत असे कसे?

या आजाराचे जुने नाव ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ असे होते. २०२३ मध्ये ते बदलून चयापचयातल्या बिघाडाशी जोडलेले नाव दिले गेले, थोडक्यात एमएएसएलडी. जगातल्या साधारण ३० टक्के प्रौढांना तो आहे. पोटाभोवतीची चरबी, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स हे त्याचे सोबती. त्यामुळे दारू न पिणाऱ्याला तो होणे यात नवल नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

पण एक गोष्ट मात्र खरोखर चकित करणारी आहे. काही जणांच्या आतड्यातले जिवाणूच अल्कोहोल बनवतात. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या आपल्या रुग्णगटात सुमारे ६० टक्के लोकांत जास्त अल्कोहोल बनवणारे क्लेब्सिएला न्यूमोनिए हे जिवाणू आढळल्याचे नोंदवले. ते उंदरांत सोडल्यावर त्यांच्या यकृतातही चरबी साठली. सगळीकडच्या सगळ्या रुग्णांना हे लागू होईल असे नाही. मात्र यकृताला दारू फक्त ग्लासातूनच मिळते ही समजूत त्यानंतर टिकत नाही.

उंदरांचे पुरे झाले. माणसांत काही सिद्ध झाले आहे का?

झाले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत फॅटी लिव्हर असलेले २०० जण होते. निम्म्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारे पिष्ट, दिले. उरलेल्यांना तेवढ्याच उष्मांकाचे साधे पिष्ट. पहिल्या गटाच्या यकृतातली चरबी लक्षणीय उतरली, आणि वजनातली घट हिशेबातून वजा केल्यावरही फरक शिल्लक राहिला. यकृताला इजा दाखवणारी रक्तातली विकरेही खाली आली, आणि बॅक्टेरॉइड्स स्टर्कोरिस या जिवाणूचे प्रमाण घटले. बदललेल्या जिवाणूंचा मळ उंदरांना दिल्यावर त्यांचे यकृतही सुधारले. म्हणजे फायद्याचा काही भाग तरी जिवाणूंच्याच हातून होत होता.

हे वाचून लगेच पिठाचा डबा शोधू नका. ४० ग्रॅम ही मात्रा मोठी आहे आणि सोबत बेताचा आहारही होता. रेझिस्टंट स्टार्च कडधान्यांत, कच्च्या केळ्यात, आणि शिजवून गार केलेल्या बटाट्यात किंवा भातात थोड्या प्रमाणात असतेच.

रोज किती चोथा हवा?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची शिफारस प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथ्याची आहे, सोबत किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे. ‘नैसर्गिक’ हा शब्द महत्त्वाचा: अन्नात मुळात असलेला, वेगळा काढून मिसळलेला नव्हे.

अंदाज यावा म्हणून: एक मोठी वाटी भरून शिजवलेली अख्खी मसूर सुमारे १५ ग्रॅम चोथा देते. सालीसकट मध्यम सफरचंद ४ ग्रॅम. १०० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे १० ग्रॅम. एकच गोष्ट बदलायची ताकद असेल तर कडधान्ये वाढवा, असे मी सांगेन. त्यानंतर वैविध्याकडे वळा, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे तंतू लागतात. रोज एकच ‘सुपरफूड’ खाणे त्यांच्या कामाचे नाही.

सुरुवात केली आणि पोट फुगले. सोडून देऊ का?

सोडू नका, वेग कमी करा. आंबण्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींत मिथेन तयार होणारच. दर आठवड्याला ४-५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका, कडधान्ये भिजवून ते पाणी फेका, नीट शिजवा, आणि पाणी पुरेसे प्या. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. इरिटेबल बॉवेल (आतडे वारंवार बिथरण्याचा त्रास) असलेल्यांना मात्र काही तंतू खरोखर सोसत नाहीत. त्यांनी आहारतज्ज्ञाच्या मदतीने निवड करावी. आतडे अरुंद झाले असेल किंवा अडथळ्याचा इतिहास असेल तर चोथा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोटात कळा, उलट्या आणि शौच-वायू बंद, असे झाले तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

त्यापेक्षा पावडर घेतलेली काय वाईट?

इसबगोल बद्धकोष्ठासाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी उपयोगी आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि थायरॉइडच्या व इतर गोळ्यांपासून काही तासांचे अंतर ठेवावे. पण वेगळे काढलेले तंतू म्हणजे अख्खे अन्न नव्हे. २०१८च्या एका अभ्यासात, आधीच जिवाणूंचा समतोल बिघडलेल्या काही उंदरांना शुद्ध केलेले इन्युलिन (कांदा-लसणातही असणारा तंतू) खाऊ घातल्यावर पित्त तुंबून यकृताचा कर्करोग झाला. यावरून माणसाने कांदा-लसूण सोडायचे कारण नाही. शुद्ध तंतूची मोठी मात्रा प्रत्येक शरीरात निरुपद्रवीच असेल असे गृहीत धरू नये, एवढे मात्र त्यातून घ्यावे.

प्रोबायोटिक कॅप्सूल?

फॅटी लिव्हरवरचा उपचार म्हणून त्यांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. बाहेरून आणलेले जिवाणू बहुधा पाहुण्यासारखे येऊन जातात. घरच्यांना जेवू घाला.

चोथा भरपूर खाल्ला तर वजन, दारू याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल ना?

नाही. वजन ५ टक्के उतरले की यकृतातली चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांनी दाह शमण्याची शक्यता वाढते, आणि १० टक्के किंवा अधिक उतरवणाऱ्यांत फायब्रोसिसही मागे हटलेला दिसतो. चोथा इथे मदत करतो कारण पोट भरते. दारू तर आतड्याची भिंतही सैल करते आणि यकृताच्या पेशींनाही इजा करते. त्यावर चोथ्याचा उतारा नाही.

आमच्या घरी सिरोसिसचा रुग्ण आहे. त्यांनाही हेच लागू का?

तत्त्व तेच, तपशील वेगळा. इथे घरच्यांनी उत्साहाच्या भरात चुका होऊ देऊ नयेत, म्हणून सविस्तर सांगते.

आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. निरोगी यकृत तो निकामी करते. सिरोसिसमध्ये ते जमत नाही, शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून जाते, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. झोपेचे चक्र उलटे होणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. यावरचे नेहमीचे औषध आहे लॅक्टुलोज, आणि ते १९६०च्या दशकापासून वापरात आहे. गंमत अशी की ते चोथ्यासारखेच वागते: माणसाला न पचणारी ही साखर मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात, तिथली आम्लता वाढते, आणि अमोनियाचे रूपांतर रक्तात सहज न शिरणाऱ्या अमोनियममध्ये होऊन तो मळावाटे जातो. मात्रा दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील अशी ठेवतात. त्याहून जास्त जुलाब झाले तर शरीर कोरडे पडून गोंधळ उलट वाढतो. म्हणून मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

अमोनियाच्या भीतीने प्रथिने बंद करणे ही जुनी चूक आहे. अशा रुग्णांचे स्नायू आधीच झिजत असतात, आणि स्नायूही अमोनिया टिपतात. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. डाळी-कडधान्यांतली प्रथिने त्यांना चांगली सोसतात, त्यांच्यासोबत येणारा चोथा हे त्याचे एक कारण. पोटात पाणी झालेल्या माणसाचे पोट चार घासांत भरते. त्याला सॅलडचा ढीग वाढला तर हवे ते अन्न जाणारच नाही. थोडे थोडे, वारंवार, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी जरूर खायला द्या. रात्रभराचा उपास त्यांच्या स्नायूंना महाग पडतो.

फरक कधी दिसेल, आणि कसा कळेल?

जिवाणूंची वस्ती आहार बदलल्यावर काही दिवसांतच हलते. २०१४च्या एका अभ्यासात पाच दिवसांच्या आहाराने ती बदललेली दिसली. जुने खाणे सुरू केले की तितक्याच लवकर ती माघारी येते. यकृताला महिने लागतात. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे रास्त.

एसजीपीटी (यकृताला इजा दाखवणारे रक्तातले एक विकर) नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका, फॅटी लिव्हर असलेल्या बऱ्याच जणांत ते नॉर्मलच असते. सोनोग्राफीला थोडी चरबी दिसत नाही, आणि तिच्यातला ‘ग्रेड’ चरबीबद्दल असतो, व्रणाबद्दल, म्हणजे फायब्रोसिसबद्दल नव्हे. पुढे काय होणार हे प्रामुख्याने व्रणावर ठरते. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून निघणारा फिब-४ हा निर्देशांक डॉक्टरांकडून काढून घ्या. तो जास्त आला तर यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करतात. आधीचे अहवाल जपून ठेवा आणि पुढच्या भेटीला सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.